33 वरचं पीक: इलेक्ट्रोस्प्रे, लेसर की नूडसेन सेल?

लिथियम फ्लोराईडचा मास स्पेक्ट्रम, म्हणजे आयनांच्या वस्तुमानांचा आलेख, घेतला की 33 वर एक पीक (टोक) दिसतं. दोन लिथियम, एक फ्लोरिन, एक धनभार. यंत्र कुठलंही असो, आयन तोच. तो आला कुठून, हे मात्र यंत्रागणिक बदलतं, आणि पीएचडीसाठी पद्धत ठरवताना आधी याचाच विचार करावा.

इलेक्ट्रोस्प्रेमध्ये मिठाचं द्रावण विद्युतभारित फवाऱ्यानं उडवतात, आणि लिथियम आयनाला मिठाचे रेणू एकेक करून चिकटत जातात. हॅलोजनपेक्षा लिथियम एकानं जास्त, बस्स. रचना आणि स्थैर्य अभ्यासायचं असेल तर माझं मत बिनधास्त यालाच. 13 रेणू चिकटले की 14 लिथियम आणि 13 हॅलोजन मिळून 27 आयन होतात, म्हणजे तीन-तीन-तीनचा भरीव घन. अल्कली हॅलाइडच्या क्लस्टरमध्ये (अशा आयनांच्या पुंजक्यांमध्ये) 13 हा म्हणूनच ओळखीचा मॅजिक नंबर, म्हणजे खास स्थिर पुंजका देणारा आकडा.

इथे आयसोटोप कामाला येतात. निसर्गात लिथियम-6 सुमारे 7.6 टक्के. 14 च्या 14 अणू लिथियम-7 असण्याची शक्यता जेमतेम एक तृतीयांश, त्यामुळे एक लिथियम-6 असलेलं पीकच जास्त उंच येतं. हा नमुना पाहून लिथियम मोजता येतात, फार देखणी गोष्ट आहे ही! फक्त बाटलीवरचं लेबल वाचा. बाजारातल्या लिथियममधून कधी कधी लिथियम-6 आधीच काढलेलं असतं. आयोडाईड घेतलंत तर वाचन सोपं, कारण आयोडीनचा एकच स्थिर आयसोटोप. ब्रोमाईडमध्ये 79 आणि 81 जवळपास निम्मे-निम्मे, त्यामुळे पिकांची गर्दी होते.

क्लोराईड पावसाळ्यात तोलायला घेऊन पाहा. बटरपेपरवरचे दाणे बघता बघता चिकट होतात आणि काट्यावरचा आकडा चढतच राहतो. फ्लोराईडची अडचण उलटी: लिटरभर पाण्यात सव्वा ग्रॅमच्या आसपासच विरघळतं, म्हणून इलेक्ट्रोस्प्रेला ते नकोच.

मग फ्लोराईडसाठी लेसर, म्हणजे झोत मारून मिठातून आयन उडवायचे? काम झटपट होतं, पण शुद्ध लिथियम फ्लोराईड 337 नॅनोमीटरचा प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. शोषणारा दुसरा पदार्थ मिसळावा लागतो आणि त्याची पिकं मध्ये येतात.

नूडसेन सेलचं जग वेगळं. निर्वातात, बारीक छिद्राच्या बंद कुपीत मीठ तापवायचं आणि बाहेर पडणारी वाफ तपासायची. या वाफेत दोन लिथियम-एक फ्लोरिन असा उदासीन रेणूही सापडतो, बंधांना लागतात त्यापेक्षा एक इलेक्ट्रॉन जादा असलेला. त्याची आयनीभवन ऊर्जा (इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) 3.8 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, सीझियमची 3.89. अल्कली धातूंपेक्षाही सहज इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या अशांना सुपरअल्कली म्हणतात. ही कल्पना गुत्सेव्ह आणि बोल्दिरेव्ह यांनी 1980 च्या दशकात मांडली. बेलग्रेडच्या व्हिन्चा संस्थेत या मार्गानं लिथियमचे चारही हॅलाइड तपासले गेले आहेत. तापलेल्या रेनियम फिलामेंटवर आयन होऊ द्यायचे, फिलामेंटचं तापमान बदलत आयनप्रवाह मोजायचा. प्रवाहाचा लॉग आणि तापमानाचा व्यस्त यांच्या आलेखाच्या उतारावरून आयनीभवन ऊर्जा निघते.

इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं आयन केलेत तर मात्र सावध राहा. फ्लोराईडचा डायमर (दोन रेणूंची जोडी) फुटूनही तेच 33 येतं. इलेक्ट्रॉनची ऊर्जा खाली खाली आणत डायमरचा वाटा वेगळा काढल्याशिवाय त्या पिकावर काही लिहू नका.

वेळ सहा महिने असेल तर आयोडाईड आणि इलेक्ट्रोस्प्रे. नूडसेनला हात घालायचा तर निर्वात सांभाळणारं अनुभवी माणूस प्रयोगशाळेत आहे का, ते आधी विचारून घ्या.