जोडी म्हणून घेतले, कामाचा निघाला एकच

रात्री पावणेतीनला फोन आला, साइट बंद आहे म्हणून. मी झोपेतच म्हणालो, "दुसरा स्विच घेईल आता, थांबा दोन मिनिटं." येणारं ट्रॅफिक सर्व्हरांमध्ये वाटणारे दोन लोड बॅलन्सिंग स्विच घेतले होते ते त्यासाठीच, एक मेला तर दुसऱ्याने काम उचलावं म्हणून. रॅकपाशी पोचलो तर वरच्याचा पॉवर सप्लाय मेलेला, आणि खालचा हिरवे दिवे लुकलुकवत निवांत बसलेला. शेवटी एका सर्व्हरलाच बाहेरचा पत्ता देऊन साइट कशीबशी उभी केली.

फसलो मात्र त्या रात्री नाही. सात महिने आधी, डेमोच्या दिवशी, स्वतःच्या डोळ्यांदेखत फसलो होतो.

विक्रेत्याने पिंग, म्हणजे साइट उत्तर देते का याची सतत विचारणा, चालू ठेवलं, एका सर्व्हरची केबल ओढली आणि ट्रॅफिक दुसऱ्या सर्व्हरवर गेलं. "बघा साहेब, फेलओव्हर!" आम्ही खूश. पण तो सर्व्हरचा हेल्थ चेक होता. सर्व्हर उत्तर देईना, की स्विच त्याला यादीतून काढतो. एकटा स्विचही हे करतो. स्विचच मेला तर काय, हे दाखवायला स्विचचीच पॉवर काढावी लागते, आणि त्या खोलीत ते मागायचं मला सुचलं नाही. मीही म्हणवतो नेटवर्कवाला!

नंतर मी स्टेटस बघायचो तेव्हा वरच्या स्विचवर 'मास्टर', म्हणजे सध्या काम करणारा, असं दिसायचं आणि जिवाला बरं वाटायचं. आता हसू येतं. जोडीदार नसला तरी तो मास्टरच दाखवणार. बघायचा होता खालचा, राखीव. पण विक्रेता म्हणाला होता, "स्टँडबायवर बघण्यासारखं काही नसतं."

खरंच काही नव्हतं. खालच्याला कन्सोल लावली तेव्हा कळलं, व्हीआरआरपीची, म्हणजे एक मेला की दुसऱ्याने जागा घ्यायच्या पद्धतीची, सगळी सेटिंग भरलेली, पण ती चालवणारं रिडन्डन्सीचं लायसन्स त्या नगावर नव्हतंच. मास्टर दर सेकंदाला २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांनी ऐकायच्या) पत्त्यावर 'मी आहे' असं सांगत असतो. बॅकअपने ते ऐकायचं आणि तीनदा ऐकू आलं नाही, की सामायिक आयपी आपल्याकडे घ्यायचा. बॅकअपची प्रायॉरिटी (मास्टर होण्याच्या रांगेतला क्रम) १०० असेल तर साधारण ३.६ सेकंदांत. आमचा बॅकअप बहिराच होता.

मग संशय आला म्हणून त्याला रॅकमधून काढला. रॅकला स्क्रूने बसवायच्या कानांच्या भोकांभोवती आधीच्या स्क्रूचे ओरखडे. सीरियल नंबरचं स्टिकर कोरं करकरीत, पण एक कोपरा नखाने उचलला तर खाली जुना चिकट डिंक. स्टिकरवरचा नंबर आणि कन्सोलवरचा नंबर वेगळे! कन्सोलवरचा नंबर उत्पादकाला कळवला. तो दुसऱ्याच ग्राहकाच्या नावावर नोंदलेला होता आणि त्याचा सपोर्ट केव्हाच संपलेला.

विक्रेत्याला फोन केला. आवाज न चढवता म्हणाला, "लायसन्स तुम्ही मागितलंच नव्हतं." बिल काढून पाहिलं. "स्विच, २ नग." बस. नवीन की वापरलेला, लायसन्स कोणत्या नगावर, सीरियल नंबर, एक अक्षर नाही. दोन नग त्याने दिले होतेच, त्यामुळे भांडायलाही पाया नव्हता. पैसे परत आले नाहीत.

तेव्हा घेताना दोन्ही नगांचे सीरियल नंबर आणि प्रत्येकाचं लायसन्स बिलावर लिहून घ्या, पैसे देण्याआधी ते नंबर उत्पादकाकडून तपासा, आणि दोन्ही कन्सोल स्वतः उघडून बघा. बॅकअपवर 'बॅकअप' हाच शब्द दिसला पाहिजे.

पुढची जोडी दुसऱ्याकडून घेतली. मोठी फाइल उतरवत असताना मीच मास्टरची पॉवर ओढली. चार पिंग गेले, डाउनलोड तुटलं, लॉगिन केलेले बाहेर फेकले गेले. या मॉडेलमध्ये चालू सेशनची नोंद जोडीदाराकडे जात नाही, त्यामुळे असं होईल, हे त्या माणसाने कोटेशनवरच लिहून दिलं होतं.