समुद्राकाठच्या घराला ग्रिल लोखंडाचं की ॲल्युमिनियमचं?

मालवण, वेंगुर्ला, गुहागरकडे समुद्राच्या वाऱ्यावर घर बांधताय, तर फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. पुण्या-साताऱ्याकडे रेडऑक्साइड मारून वर ऑइलपेंट दिलेलं साधं लोखंड छान टिकतं. खाऱ्या हवेत हिशोब बदलतो.

ताकदीत लोखंड पुढे, यात वादच नाही. त्याच मापाची ॲल्युमिनियमची पट्टी तेवढ्याच जोराला जवळपास तिप्पट वाकते. चोराची भीती असेल तिथे लोखंडच हवं. सरकत्या खिडक्यांना मात्र ॲल्युमिनियम उत्तम, कारण वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश.

आता गंज. कुठलंही जुनं ग्रिल बघा, आडव्या पट्टीला खालून जिथे वेल्डिंग आहे तिथे रंग आधी फुगतो. नखाने पोपडा काढला की आत तांबूस भुगा. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंग उचकटतो आणि सळई भिंतीत शिरते तिथलं प्लास्टरही फोडतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, तो सुटत नाही आणि आतला धातू राखतो. तरी मिठाने त्यालाही बारीक खड्डे पडतात. म्हणून ॲनोडाइज्ड (विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा थर जाड केलेलं) किंवा पावडर कोटिंगचंच (रंगाची पावडर भट्टीत भाजून बसवलेलं) घ्या आणि अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा.

सगळ्यात जास्त नुकसान जोडावर होतं, आणि तिकडे कुणी बघत नाही. ॲल्युमिनियमच्या चौकटीला साधे लोखंडी स्क्रू मारले की खारट ओलाव्यात दोन धातूंची बॅटरीच तयार होते आणि स्क्रूभोवतीचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्टेनलेसचे 316 ग्रेडचे स्क्रू आणि खाली नायलॉनचे वॉशर वापरा. स्क्रू 316चाच आहे हे दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, पण त्यावर जाऊ नका. 304 (नेहमीचं स्टेनलेस) आणि 316 दोन्हींना चुंबक सहसा धरत नाही. खाऱ्या हवेत 316 जास्त टिकतं, कारण त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो.

माझं मत विचाराल तर ग्रिल जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं, सरकती तावदानं ॲल्युमिनियमची, कड्या-बिजागऱ्या पितळेच्या. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. मात्र मुलाम्यानंतर वेल्डिंग केलं तर नेमकं जोडावरचं जस्त जळून जातं. म्हणून ऑर्डरवर स्पष्ट लिहून घ्या: आधी ग्रिल पूर्ण तयार, मग हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा), मग रंग.