सोलापुरात जुनं सागवानी फर्निचर: गावातलं दुकान, वखार, पुणे-मुंबई की नवं शोरूम?

घर सोलापुरात आहे, दोन खोल्या लावायला पस्तीस-चाळीस हजार बाजूला काढलेत आणि जीव जुन्या सागवानात अडकलाय. अशा वेळी समोर चार वाटा असतात. गावातल्या जुन्या फर्निचरच्या दुकानात जायचं, उतरवलेल्या, म्हणजे पाडलेल्या जुन्या घराचं लाकूड वखारीतून आणून सुताराकडून करून घ्यायचं, पुण्या-मुंबईचा जुना बाजार गाठायचा, नाहीतर सरळ शोरूममधून नवं उचलायचं. गेल्या सहा वर्षांत मी या चारही वाटांनी गेले आहे. माझा कौल आधीच सांगते: कपाट, टेबल, खुर्च्या गावातल्या जुन्या दुकानातून घ्या. पलंग तिथून घेऊ नका, गादीचा सोफा तर नकोच.

आधी 'अँटिक' या शब्दाचं बघू, कारण भाव तिथेच फुगतो. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार वस्तू पुरावस्तू ठरायला किमान १०० वर्षं जुनी असावी लागते. दुकानात उभ्या असलेल्या मालातला बराचसा माल चाळीस ते सत्तर वर्षांचा असतो आणि वापरायला तो उत्तमच असतो. त्या काळात पक्व झाडाचा साग वापरत, सांधे कुसू-खाचेचे, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले असत आणि लाकूड तेव्हापासून आपल्या हवेत वाळत आलेलं असतं. म्हणून पैसे लाकडाचे आणि सांध्याचे द्या, वयाचे देऊ नका. दुकानदार "अँटिक पीस आहे" म्हणाला की मी शांतपणे विचारते, "लाकूड कोणतं, पाठ कशाची, ड्रॉवरचा तळ कशाचा?" यापुढे बोलणं भावाकडे आपोआप वळतं.

हा माल येतो कुठून? जुन्या पेठांतली माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं उतरवली जातात, तिथली कपाटं आणि पेट्या. बंद झालेले दवाखाने, वकिलांच्या कचेऱ्या, शाळांचे बाक. आणि गिरण्या. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. या गिरण्यांवर हे गाव वाढलं, त्यामुळे "हे गिरणीच्या ऑफिसातलं टेबल" हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. ते खरंही असू शकतं. पण टेबलाच्या पोटाशी रंगवलेला नंबर, पितळी बिल्ला किंवा खात्याचं नाव दिसलं तरच मी ते मानते, आणि तेवढ्यासाठी भाव मात्र वाढवून देत नाही.

माझ्याकडे एक उतरत्या झाकणाचा मुनीमजींचा डेस्क आहे, जमिनीवर मांडी घालून लिहायचा. तो घेताना ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला आणि उलटा करून उजेडात धरला. तळाची फळी अखंड सागाची, कडेला रंध्याच्या बारीक लाटा हाताला लागत होत्या. कोपऱ्यात बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे डोव्हटेल सांधे, पण एक दात रुंद, शेजारचा अरुंद. यंत्राने कापले असते तर सगळे सारखे आले असते. आतल्या बाजूला निळ्या शाईचा ओघळ होता आणि ड्रॉवर घासून घासून खालच्या पट्टीला गुळगुळीत खोबण पडली होती. वापराची झीज अशी हात लागतो, पाय लागतो तिथेच येते. सगळीकडे सारखी झीज दिसली तर ती पॉलिश पेपरने आणलेली आहे असं समजा.

मला हे शिकवलं ते माझ्या सुतारकाकांनी. पहिल्या कपाटाच्या वेळी ते बरोबर आले होते. मी दारांवरचं कोरीवकाम बघत होते, तर म्हणाले, "ताई, पुढून सगळीच कपाटं चांगली दिसतात. पाठ फिरवा ह्याची." पाठीला प्लायवूड ठोकलेलं निघालं. ते काही वाईट नाही, पण मग पूर्ण सागाचा भाव द्यायचा नाही. लाकूड ओळखताना वजनावर भरवसा ठेवू नका. साग घनफुटाला साधारण १८-१९ किलो भरतो, शिसव २४ किलोच्या आसपास, आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेला बोर्डसुद्धा सागापेक्षा थोडा जडच असतो. फळीची कड बघा. वरच्या बाजूचे रेषे कडेवरून खाली उतरताना दिसले तर ती अखंड फळी. वर सुंदर रेषा आणि कडेला चिकटवलेली पट्टी असेल तर वरचा भाग नुसता पापुद्रा आहे. एकदा मी चार "शिसवी" खुर्च्या घेऊन आले. घरी पॉलिशवाल्याने एका पायाखाली जरा खरवडलं, तर आत फिकट लाकूड, वरून काळा रंग मारलेला. तेव्हापासून कुठलीही खुर्ची आधी उलटी करते आणि पायाचा तळवा बघते. तिथे रंग टिकत नाही, खरं लाकूड दिसतं.

गोल टेबल असेल तर टेप काढा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीला जवळजवळ नाही. त्यामुळे अडीच फुटांचा जुना गोल टेबलटॉप दोन्ही दिशांनी मोजला तर चार-पाच मिलिमीटरचा फरक निघतो. अगदी अचूक गोल निघाला तर तो नवा असण्याची शक्यता जास्त.

किडीचं मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. भोकं असणं हा दोष नाही, भोकं जिवंत असणं हा दोष आहे. जुन्या भोकांच्या कडा काळपट असतात. ताजी भोकं आतून पिवळसर असतात आणि त्यातून मैद्यासारखा भुसा गळतो. दुकानदाराला सांगून वस्तूखाली काळा कागद टाका आणि दोन-तीन दिवसांनी जा. भुसा पडलेला दिसला तर सोडून द्या. गावातल्या दुकानाचा हा मोठा फायदा: तुम्ही पुन्हा जाऊ शकता. बयाणा देऊन सुतार घेऊन जाऊ शकता, सकाळच्या उजेडात बघू शकता. पुण्याहून ट्रकने आलेल्या वस्तूच्या बाबतीत हे काहीच करता येत नाही. सागाचा तपकिरी गाभा किडीला सहसा दाद देत नाही. कीड आणि वाळवी लागते ती सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला. म्हणून पाय आणि मागच्या पट्ट्या आधी बघायच्या, कारण कारागीर पांढरं लाकूड नजरेआडच्या जागीच वापरायचे.

आता पैशाचं. माझं दोन दारी सागवानी कपाट दुकानदाराने १२,००० सांगितलं, ९,००० ला ठरलं. टेम्पो आणि हमाली ८००. पाठीची फळी बदलणं, एका पायाला तुकडा जोडणं आणि नव्या बिजागऱ्या मिळून २,२००. पॉलिश ३,५००. एकूण १५,५००. त्याच मापाचं शोरूममधलं पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचं) कपाट तेव्हा १६,००० ला होतं, आणि सुतारकाकांनी नव्या सागात करून द्यायचे चाळीस हजारांच्या आसपास सांगितले होते. म्हणजे जुनं स्वस्त पडलं, पण दुकानात सांगितलेल्या आकड्यावर नव्हे. दुरुस्तीचा खर्च दुकानातच, सुताराला विचारून, किमतीत मिळवा आणि मग घासाघीस करा.

भाव रास्त आहे का, हे कळायची माझी एक पद्धत आहे. चार फूट बाय अडीच फुटांचं टेबल घ्या. वरची फळी एक इंच जाड असेल तर ती पाऊण घनफुटाहून थोडी जास्त भरते. पाय आणि खालची चौकट मिळून आणखी साधारण पाऊण. दीड घनफुटावर लाकूड झालं. कापताना वाया जाणारं धरलं तर विकत दोन घनफूट घ्यावं लागेल. वखारीत त्या दिवशीचा नव्या सागाचा भाव विचारा आणि दोनाने गुणा. दुकानातलं टेबल तेवढ्यात किंवा त्याहून कमी किमतीत मिळत असेल, तर मजुरी फुकट पडली. मी अशा टेबलापाशी फार वेळ घासाघीस करत नाही.

वखारीची वाट मला मनापासून आवडते, पण तिला वेळ आणि विश्वासाचा सुतार लागतो. माळवदाच्या घरातल्या तुळया म्हणजे पन्नास-साठ वर्षं छताखाली वाळलेलं लाकूड. आणखी आकसायचं, पिळायचं ते सहसा करत नाही. अडचण खिळ्यांची. आत मोडून राहिलेला एक खिळा करवतीचं पातं खराब करतो, म्हणून कापून देणारे जुन्या तुळईला नाखूष असतात किंवा पात्याचे पैसे मागतात. आणि सगळ्याच तुळया सागाच्या नसतात. बाभूळ आणि लिंबही आपल्याकडे भरपूर वापरले गेले. कटरने टोकाचा पातळ काप काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पलंग हवा असेल तर मात्र हीच वाट धरा. जुन्या पलंगांची मापं घरी भरलेल्या कापसाच्या गाद्यांची, आज बाजारात मिळणारी गादी त्यात एकतर डुगडुगते किंवा मावत नाही. शिवाय सांध्यात ढेकूण असले तर ते अख्ख्या घरात पसरतात, गादीचा सोफा नको म्हटलं तेही म्हणूनच. माझा पलंग उतरवलेल्या घराच्या लाकडाचा आहे, गादीच्या मापाने बनवलेला, आणि त्यावर सोलापुरी चादर टाकली की खोलीत आणखी काही लागत नाही.

पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत चोर बाजाराची मटण स्ट्रीट आहे, तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात, आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याला मोठा फर्निचर बाजार आहे. निवड तिथे अफाट आहे: वाकवलेल्या लाकडाच्या इराणी हॉटेलातल्या खुर्च्या, बेल्जियम काचेचे आरसे, लांब हातांच्या आरामखुर्च्या. पण पुणे अडीचशे किलोमीटर, मुंबई चारशे. एका टेबलासाठी टेम्पोचं भाडं टेबलाएवढं होतं. त्याहून महत्त्वाचं कारण हवेचं. मुंबईच्या दमट हवेत वाढलेलं फर्निचर सोलापुरात आणलं की एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीच्या वर गेल्यावर, ते आकसतं. मी जुलैमध्ये मुंबईहून आणलेल्या डायनिंग टेबलाच्या दोन फळ्यांमध्ये पुढच्या मे महिन्यात एवढी फट पडली की चमच्याचं टोक आत जाईल. विकणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता. इथल्याच घरातून निघालेल्या लाकडाने असे चाळीस-पन्नास उन्हाळे आधीच सोसलेले असतात. आरसा, देव्हारा, एखादी शोभेची वस्तू हवी असेल तर जरूर जा, मोठ्या फळ्यांचं काही आणू नका.

शोरूमबद्दल थोडक्यात. हप्त्याची सोय, घरपोच जोडणी, वॉरंटी हे सगळं खरं आहे, आणि भाड्याच्या घरात दोन-तीन वर्षंच राहायचं असेल तर तेही चालेल. पण पार्टिकल बोर्ड पाण्याला भितं. पिंप-बादल्या भरून ठेवाव्या लागणाऱ्या गावात फरशीवर पाणी सांडतंच, आणि बोर्डाची खालची कड एकदा फुगली की ती पुन्हा बसत नाही. घर बदलताना एकदा खोलून जोडलं की स्क्रू जागेवर घट्ट धरत नाहीत. शोरूममध्येच घ्यायचं असेल तर पाय असलेलं घ्या, जमिनीला टेकणारं नको.

लाकडाच्या हट्टापायी जुन्या लोखंडी कपाटाकडे दुर्लक्ष करू नका. गोदरेजने १९२३ पासून पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली, आणि जुन्या दुकानांत अशी जाड पत्र्याची कपाटं अजून मिळतात. आपल्या कोरड्या हवेत ती फारशी गंजत नाहीत. तळाच्या पत्र्यावर बोटाने दाबून बघा, किल्ली दोन-तीनदा फिरवून बघा, आणि दार उघडं टाकल्यावर आपोआप झुलतं का ते बघा. झुललं तर चौकट तिरकी झाली आहे. कागदपत्रं आणि साड्यांसाठी मी लाकडाआधी हेच सुचवेन.

पॉलिशच्या बाबतीत दुकानदाराला एकच सांगा: "आहे तसं द्या, आम्ही करून घेऊ." दुकानात घाईने मारलेल्या गडद पॉलिशखाली भेगा आणि लांबीने, म्हणजे पुट्टीने भरलेली भोकं लपतात. घरी करून घेताना कपाटाला, डेस्कला चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश करा. ते पुढे कधीही वरून पुन्हा चढवता येतं. पण त्यावर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं, म्हणून जेवायच्या टेबलाला मेलामाइन पॉलिश बरं. लाखेचं काम पावसाळ्यात काढू नका, दमट हवेत ते पांढरट धरतं. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ चांगला.

आणि बयाणा देण्याआधी घरचा जिना मोजा. जुनी कपाटं बहुतेक अखंड असतात. आमचं कपाट साडेसहा फूट उंच, जिन्याच्या वळणावर सहा फूट दोन इंच. लिफ्टचा तर प्रश्नच नव्हता. सुतारकाकांनी वरची कोरीव पट्टी हाताने चाचपली, दोन लाकडी पाचरी हळूच ठोकून काढल्या आणि ती पट्टी अख्खी उचलून बाजूला ठेवली. ज्याने ते बनवलं, त्यानेही कधीतरी एखाद्या अरुंद जिन्याचा विचार केला असणार. तुमच्या कपाटाला अशी पाचर आहे का, हे दुकानातच मालकांना विचारून, काढून बघून घ्या.