आनुईंची ‘अँटिगनी’ जुन्या बाजारात: विद्यार्थी आवृत्ती घ्यावी की नाट्यसंग्रह?

फ्रेंच नाटककार ज्याँ आनुई यांची ‘अँटिगनी’ इंग्रजीतून वाचायची आणि प्रत जुन्या पुस्तकांतूनच घ्यायची असे ठरवल्यावर बहुधा दोन पर्याय समोर येतात: मेथुएनची टिपणांसह निघालेली विद्यार्थी आवृत्ती आणि त्याच प्रकाशनाचा, 1987 चा, पाच नाटकांचा संग्रह. दोन्हींत भाषांतर बार्बरा ब्रे यांचेच असल्यामुळे निवड भाषेवर अडत नाही. ल्युइस गालांतिएर यांची संहिताही अधूनमधून दिसते, परंतु ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीसाठी केलेले रूपांतर असल्याने येथे बाजूला ठेवले आहे.

विद्यार्थी आवृत्तीचे बळ टेड फ्रीमन यांच्या विवेचनात आहे. हे नाटक फेब्रुवारी 1944 मध्ये, जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये, आतेलिए नाट्यगृहात रंगमंचावर आले. त्यात अँटिगनी राजा क्रेऑनची बंदी मोडून आपल्या एका भावाचे प्रेत पुरू पाहते; या क्रेऑनला इतकी सबळ बाजू का दिली, यावर तेव्हापासून वाद आहे. हा संदर्भ हाताशी असणे निश्चितच मोलाचे आहे.

अडचण आहे ती या आवृत्तीच्या वापरलेल्या प्रतींची. त्या बहुतेक परीक्षार्थींच्या हातून आलेल्या असतात. माझ्याकडच्या प्रतीत तर नाटकाच्या ऐन मध्यावर, क्रेऑन आणि अँटिगनी यांच्या प्रदीर्घ प्रवेशात, पिवळ्या हायलायटरचे पट्टे आहेत. क्रेऑन तिला सांगतो की तिचे दोघेही भाऊ सारखेच नालायक होते, घोडदळाखाली त्यांची प्रेते ओळखू येऊ नयेत इतकी चिरडली होती, आणि त्यांतले जरा बरे उरलेले उचलून राजेशाही इतमामाने पुरले. ते नेमके कोणाचे, हे त्यालाही ठाऊक नाही. अँटिगनी येथे खचते आणि आपल्या खोलीकडे जायला निघते. वाचकालाही क्षणभर क्रेऑनचेच म्हणणे पटावे, अशीच ही रचना आहे. माझ्या प्रतीत मात्र हे भाषण कोरे आहे, तर पुढच्या पानावरचा तिचा सुखाला दिलेला नकार पिवळाधमक असून समासात शाईने ‘हुकूमशाहीला विरोध’ असे लिहिले आहे. क्रेऑनचे बोलणे संपण्याआधीच नजर तिकडे धावते, आणि ती डगमगते तो क्षण वाचकाच्या हाती लागतच नाही. पेन्सिलीच्या खुणा पुसता येतात. हा रंग पाठपोट उमटलेला आहे.

संग्रहात टिपणे नाहीत, पुस्तक जाडजूड आहे आणि जुन्या प्रतीची बांधणी मध्यावर सैल झालेली असू शकते. तरी माझ्या पाहण्यात आलेल्या प्रती बऱ्याच स्वच्छ होत्या. फार तर पहिल्या पानावर एखादे नाव. शिवाय त्यात ख्रिस्तोफर फ्राय यांनी भाषांतरित केलेले ‘द लार्क’ हे जोन ऑफ आर्कवरचे नाटकही आहे. सत्तेपुढे नकारावर ठाम राहणाऱ्या या दोन मुली लागोपाठ वाचायला मिळणे, हा लाभ मला प्रस्तावनेपेक्षा कमी वाटत नाही.

नाटक अभ्यासाला असेल किंवा बसवायचे असेल, तर विद्यार्थी आवृत्तीच सोयीची ठरेल. फक्त पैसे देण्यापूर्वी क्रेऑनचा तो प्रवेश उघडून पाहावा. पहिल्यांदाच वाचणाऱ्याने मात्र, शक्य झाल्यास, संग्रह घ्यावा असे मी सुचवेन. फ्रीमन यांचे विवेचन नंतर ग्रंथालयात बसूनही वाचता येते.