एकरकमी पोटगी घ्यावी की दरमहा?

हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 25 नुसार कायम पोटगी एकरकमी किंवा दरमहा अशा दोन्ही प्रकारे ठरवता येते आणि ती पत्नीप्रमाणे पतीलाही मागता येते. ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीने घटस्फोट घेणाऱ्यांना मात्र अटी लिहून देतानाच ही निवड करावी लागते.

घरच्या बैठकीत ‘एकदाच काय ते घेऊन मोकळी हो’ असे हमखास सांगितले जाते. त्याआधी आकडेमोड करावी. दरमहा 20,000 रुपये 7 टक्के व्याजातून मिळवायचे, तर सुमारे 34 लाखांची ठेव लागते, शिवाय त्या व्याजावर कर असतो तो वेगळाच. समोरून 15 लाखांचा प्रस्ताव आला असेल, तर तो किती तोकडा आहे हे यावरून कळते. परिस्थिती बदलल्यास दरमहाची रक्कम न्यायालयाकडून वाढवून घेता येते. अर्थात देणाऱ्यालाही ती कमी करून मागता येते आणि घेणाऱ्याने पुनर्विवाह केल्यास हुकूम रद्दही होऊ शकतो.

खरी अडचण वसुलीची आहे. देणारा पगारदार असेल तर पगारावर जप्ती आणता येते. पण धंदा करणारा किंवा सतत नोकऱ्या बदलणारा असेल, तर थकबाकीसाठी दरखास्त दाखल करून तारखांमागे फिरावे लागते. अशा वेळी थोडी कमी का होईना, एकरकमीच घ्यावी, असे माझे मत आहे. दरमहाच ठरत असेल, तर कलम 25 प्रमाणे त्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवून मागावा. एकरकमी रक्कम हप्त्यांनी मिळणार असेल, तर शेवटचा हप्ता अंतिम हुकुमाच्या दिवशी, डिमांड ड्राफ्टनेच ठरवावा.

मुलांचा खर्च कलम 26 खाली येतो, म्हणून तो या रकमेत मिसळू नये.

रोख रकमेऐवजी घोडबंदर रोडवरचा किंवा खारघरचा फ्लॅट मिळणार असेल, तर अधिक जपावे. गृहकर्जावर दोघांच्या सह्या असतील, तर आपसांतील अटी काहीही असोत, बँक हप्त्यांसाठी दोघांनाही जबाबदार धरते. त्यामुळे कर्ज कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत फेडणार, हे अटींमध्ये स्पष्ट लिहावे, आणि इमारत सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असल्यास हस्तांतराची परवानगी व शुल्क कोणाकडे, हेही सही करण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.