सोन्या मारुती चौकाजवळचं गलाईचं दुकान: सोनं डोळ्यासमोर गाळून देतात

मागच्या शनिवारी आईच्या दोन मोडक्या पाटल्या आणि एक पोकळ तोडा घेऊन गेले होते. चौकातून रविवार पेठेकडे आत वळलं की बोळात वरच्या मजल्यावर दुकान आहे, जिना खूप अरुंद आहे, गाडी लांबच लावून या.

आधीचा अनुभव सांगते म्हणजे इथलं कौतुक का ते कळेल. गेल्या वर्षी दुसऱ्या एका दुकानात मोड दिली होती, ती आत नेली, गाळून आणली आणि दीड ग्रॅम घट आली म्हणून सांगितलं, कशी आली विचारलं तर उत्तरच नाही. इथे सगळं समोर. ४१.३२० ग्रॅम भरलं, काट्यावरचा आकडा दाखवून कागदावर लिहिला, मग तोड्याच्या पोकळीत भरलेली लाख तापवून काढली आणि परत वजन केलं, ३८.९४०. ही पायरी कुणी वगळली की लाखेचं वजनही घटीतच जातं आणि गिऱ्हाईकाला पत्ता लागत नाही.

मी स्वतः भोसरीत ॲल्युमिनियम फाउंड्रीत क्वालिटीला आहे, रोज इनगॉटच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या लगडींच्या, थप्प्या बघते, त्यामुळे माझं लक्ष ओतण्याकडेच होतं. गाळणारे दादा विट्याकडचे. खानापूर, आटपाडी भागातली ही माणसं दुष्काळामुळे बाहेर पडली आणि आज देशभर बऱ्याच सराफ बाजारांत गलाईवाला सांगली जिल्ह्यातला भेटतो. मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, तुकडे टाकले, मळ सुटायला टाकणखार टाकला, बर्नर लावला. सोनं १०६४ डिग्रीला वितळतं, तोवर दादांनी लोखंडी साचा आचेवर धरून कडक तापवला आणि तेलाचा हात फिरवला. हे बघून मला फार बरं वाटलं! साच्यात थेंबभर ओल असली तरी तिची क्षणात वाफ होते आणि धातू अंगावर उडतो, आमच्याकडेही इनगॉट आधी गरम करून, कोरडे करूनच वितळलेल्या धातूत सोडतात.

"ताई, वाईच मागं सरा," म्हणाले आणि सांडशीने मूस उचलून एका धारेत ओतलं, मध्ये कुठेही हात थांबला नाही. धार तुटली की आधीचा थर गोठतो आणि पुढचा त्यात मिसळत नाही, आम्ही त्याला कोल्ड शट म्हणतो. लगडीवर तशी एकही रेघ नव्हती, फक्त गोठताना धातू आकसतो त्याचा मधोमध बारीक खळगा. साचा उलटा केला तर लगड टपकन बाहेर, कारण बाजू तळाकडे निमुळत्या. बँकांच्या तिजोरीतल्या ४०० औंसाच्या, म्हणजे साधारण साडेबारा किलोच्या विटासुद्धा याच कारणाने अशा तिरक्या असतात.

इनगॉटचा आकार नेहमी ओतायचा कसा आणि उचलायचा कसा यावरूनच ठरत आलाय. तुर्कस्तानजवळ उलुबुरुनला समुद्रात ३३०० वर्षांपूर्वी बुडालेलं जहाज १९८२ मध्ये सापडलं, त्यात सुमारे १० टन तांबं होतं, बहुतेक लगडी चार कोपरे बाहेर काढलेल्या, एकेक साधारण २४ किलोची, कोपरा धरला की उचलता येते. आणि पिग आयर्न, म्हणजे भट्टीतून निघणारं कच्चं लोखंड, हे नाव डुकरावरून पडलं, वाळूत एक मोठा पाट आणि त्याला काटकोनात छोटे पाट काढून लोखंड ओतायचे, ते पिलांना पाजणाऱ्या डुकरिणीसारखं दिसायचं. ॲल्युमिनियमचा इनगॉट मात्र अशा खाचांचा असतो की थप्पी सरकत नाही. असो, विषय निघाला की मला थांबवत नाही.

लगड भरली ३८.६१०, म्हणजे घट ०.३३०. जोडाला लावलेल्या जुन्या डाकाचं आणि मळाचं एवढं जाणारच, दादांनी न विचारता समजावलं. मग मशीनवर टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढला, ९१.४० टक्के आला आणि चिठ्ठी हातात दिली. गलाई आणि टंच मिळून ५०० रुपये.

तक्रार एकच, एक्झॉस्ट फॅन फार लहान आहे, धूर खोलीत कोंडतो. दादा दिवसभर तिथेच असतात, त्यांनी हे मनावर घ्यावं, मी तोंडावर सांगूनही आले. लहान मुलांना नेऊ नका. आणि दुपारी २ च्या आत जा, नंतर सराफांची पोरं माल घेऊन येतात मग तासभर नंबर लागत नाही.

घरी येऊन लगड आईच्या तळहातावर ठेवली, करंगळीएवढी. ती बराच वेळ तोलत बसली, म्हणाली, "एवढीशी दिसते, पण हाताला सगळं लागतंय गं."