डोमेनची किंमत सांगणारी साधनं: काही महिने वापरल्यावर

माझ्याकडे थोडी डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची नावं, आहेत, बहुतेक डॉट कॉम, काही डॉट इन. विकायला काढताना किंमत काय लावायची, यासाठी दिवाळीपासून दोन-तीन ऑटोमॅटिक साधनं वापरतोय. नाव टाकलं की दोन सेकंदांत डॉलरमध्ये आकडा येतो.

पहिली गंमत म्हणजे त्यांचं आपसात जमत नाही. एकाच नावाला एकाने अडीच हजार डॉलर दिले, दुसऱ्याने दीडशे. जुन्या विक्रीचे आकडे, शब्द किती शोधला जातो, जाहिरातदार क्लिकमागे किती मोजतात, नावाची लांबी, एक्स्टेन्शन (नावामागचं डॉट कॉम, डॉट इन वगैरे), असा कच्चा माल साधारण सगळ्यांचा सारखाच. पण कशाला किती वजन दिलंय ते कुणी सांगत नाही. शिवाय जुनी विक्री म्हणजे जाहीर झालेली विक्री. कितीतरी मोठे सौदे गुप्ततेच्या करारात होतात, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेलं नाव तर या हिशेबात येतच नाही.

दोन इंग्रजी शब्दांच्या सरळ डॉट कॉमसाठी मात्र साधनं कामाची आहेत. आकड्यापेक्षा त्याखाली येणारी मिळत्याजुळत्या विक्रीची यादी मी जास्त बघतो आणि ती नेमबायो या डोमेन-विक्रीची नोंद ठेवणाऱ्या साइटवर ताडून घेतो. त्यातही बघायचं ते हे, की नाव दलालांच्या लिलावात गेलं की ज्याला धंद्यासाठी हवं होतं त्याने घेतलं. दोन्ही भावांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं आणि साधन दोन्ही एकाच घमेल्यात कालवतं.

मराठी नावांपुढे ही साधनं आंधळीच. रोमन लिपीत आपल्या शब्दांना एक ठरलेलं स्पेलिंग नाही, त्यामुळे शोधांचे आकडे विखुरतात. ‘पोहे’ला किंमत नाही, हिंदीतल्या ‘पोहा’ला आहे! देवनागरी डॉट भारत २०१४ पासून मिळतं, पण असं नाव यंत्रणेत ‘एक्सएन’ आणि दोन डॅशने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या गिचमिडीत साठवलं जातं. साधनाला ती गिचमिडच दिसत असावी. माझ्या अशा नावांना जवळपास शून्य मिळालं.

सगळ्यात धोकादायक प्रकार ट्रेडमार्कचा. प्रसिद्ध ब्रँड असलेलं नाव टाकून बघा, आकडा फुगून येतो, कारण तो शब्द लोक भरपूर शोधतात. प्रत्यक्षात ब्रँडवाला डब्ल्यूआयपीओकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) १५०० डॉलर फी भरून यूडीआरपी या डोमेनच्या वादांसाठीच्या नियमांखाली तक्रार करतो आणि नाव घेऊन जातो. डॉट इनसाठी तसेच आयएनडीआरपी नावाचे नियम आहेतच. नवख्यांनी एवढं तरी वाचून मगच खरेदी करावी.

आणि व्हॉइस डॉट कॉम? २०१९ मध्ये मायक्रोस्ट्रॅटेजी या सॉफ्टवेअर कंपनीने ते ३ कोटी डॉलरना ब्लॉक डॉट वन या ब्लॉकचेन कंपनीला विकलं, कारण घेणाऱ्या कंपनीला त्याच नावाचं सोशल नेटवर्क काढायचं होतं. गिऱ्हाइकाची ही निकड कुठल्या गणितात बसवणार?

घासाघीस करताना गिऱ्हाईक कमीत कमी आकड्याचा स्क्रीनशॉट पाठवतं, मी जास्तीत जास्तचा. दोघांनाही माहीत असतं, तरी हा विधी होतोच.

पैसे भरून घ्यायचा प्लॅन मला परवडण्यासारखा वाटला नाही. फुकटात मिळतं तेवढं चाळणी म्हणून पुरतं. एक्स्पायर झालेल्या, म्हणजे मालकाने मुदत न वाढवलेल्या, नावांची लांबलचक यादी त्यातून लवकर गाळता येते. रिन्यूअल मात्र मी साधनाला विचारून करत नाही. एका तालुक्याच्या नावाचं माझं डॉट इन आहे, साधनाच्या लेखी त्याची किंमत रिन्यूअलच्या फीएवढीही नाही. तिथले दोन लॉजवाले त्यासाठी विचारणा करून गेलेत, म्हणून ते यंदा ठेवलंय.